भंगारातल्या गाडीच्या भागांचे दागिने: बेळगाव भागात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्या, लेथची शेडं, हायवेला लागून संकेश्वर-निपाणीपर्यंत असलेली गॅरेजं यांमुळे आपल्याकडे पोलाद, बीड, पितळ, ॲल्युमिनियमचे सुटे तुकडे मिळायला कधी तोटा नसतो. त्यातून कानातली, पदकं, कडी करणारी मुलंमुली आता बेळगावात, खानापुरात, चिकोडीत दिसतात. मी हेच काम करते आणि शिकवतेही. शिकायला येणाऱ्यांचे, गणपतीच्या दिवसांत स्टॉलवर येणाऱ्या गिऱ्हाइकांचे आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आयांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथं एकत्र केले आहेत.

गाडीच्या भागांचा दागिना अंगावर घालणं सुरक्षित असतं का?

पुष्कळ भाग सुरक्षित असतात, काही मुळीच नसतात, आणि नुसतं बघून फरक कळत नाही. भाग गाडीत कुठं बसला होता, कशात भिजत होता आणि त्याच्यावर कसला मुलामा आहे, हे कळल्याशिवाय तो कापायला घेऊ नये. गॅरेजच्या मेस्त्रींना विचारा, "मामा, हा कुठला भाग, कशाचा?" ते बहुतेक वेळा एका वाक्यात सांगतात. त्यांनाही सांगता आलं नाही, तर तो तुकडा परत भंगारात टाका. वस्तू कितीही सुंदर असली तरी.

आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. घालणाऱ्यापेक्षा करणाऱ्याला धोका जास्त असतो. नीट निवडलेल्या भागाचं, धुऊन पॉलिश केलेलं कानातलं कातडीला फार तर खाज आणेल. पण ते करताना उडालेली धूळ आणि निघालेला धूर छातीत जातो, कपड्यांवरून घरभर जातो. म्हणून खालची बरीच उत्तरं करणाऱ्यांसाठी आहेत.

सुरुवात कुठल्या भागांपासून करावी?

टायमिंग चेन (इंजिनाच्या आतली साखळी), बेअरिंगमधल्या गोळ्या, बिनमुलाम्याचे पोलादी वॉशर, ॲल्युमिनियमचे तुकडे, तांब्याची तार. एवढ्यावर वर्षभर काम करता येतं.

टायमिंग चेन मला सगळ्यांत आवडते. वजनाला बरी, हातावर छान वळते आणि कापायला फारसं काही लागत नाही. पण तिच्या कड्यांच्या मध्ये काळं, घट्ट झालेलं ऑइल बसलेलं असतं. बाहेरून ब्रश फिरवून ते निघत नाही. एकेक पिन हलवत चेन कोमट साबणाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवायची आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवायची. फडक्यावर डाग उठायचे थांबले की चेन धुऊन झाली. तोवर ती मनगटावर घालू नये.

बेअरिंगच्या गोळ्या आपल्याकडे ज्याला ईएन-३१ म्हणतात तसल्या पोलादाच्या असतात. त्यात साधारण १ टक्का कार्बन आणि १.५ टक्के क्रोमियम असतं, निकेल जवळपास नसतंच. खाज येणाऱ्यांना त्या सहसा चालतात, मात्र घामानं गंजतात. त्या इतक्या कडक असतात की साधा ड्रिल बिट त्यांच्यावरून घसरतो किंवा तुटून उडतो. भोक पाडायच्या नादाला लागू नका, तारेच्या जाळीत बसवा.

ॲल्युमिनियम हलकं असल्यानं कानांसाठी उत्तम. तांब्यानं कातडी हिरवी होते, ती धुतली की जाते. पिस्टन रिंग दिसायला सुंदर असते, पण बहुधा बिडाची असते; काचेसारखी तडकते आणि तुटलेली कड बोट कापते. ती भिंतीवर लावायच्या वस्तूंसाठी ठेवा.

कुठले भाग घरात आणूच नयेत?

बॅटरी, तिचं टर्मिनल किंवा प्लेट. आत शिसं, शिशाचे क्षार आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराकडेच द्यायची; २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनीही ती परत जाऊन योग्य ठिकाणीच मोडली जावी अशी व्यवस्था केली आहे.

ब्रेक शू, ब्रेक पॅड, क्लच प्लेट आणि जुन्या इंजिनाचे हेड किंवा सायलेन्सर गॅस्केट. यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. भारतात त्याची आयात आणि वापर पूर्ण बंद झालेला नाही, त्यामुळे "गाडी काही फार जुनी नाही" हे कारण पुरत नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसातून बाहेर येत नाहीत. त्यांच्यामुळे होणारा कॅन्सर वीस ते चाळीस वर्षांनी उघडा पडतो, तेव्हा कुणाला आठवतही नाही की कॉलेजात असताना आपण क्लच प्लेटला कानस मारली होती. ब्रेक ड्रम घ्यायचा असला तरी आतली धूळ फुंकून किंवा हवा मारून काढू नका. खरं तर ड्रम घेऊच नका.

एअरबॅगचा डबा आणि सीट बेल्टचा ओढणारा भाग. दोन्हींत स्फोटक भरलेलं असतं. अपघातात एअरबॅग फुगली नसेल तर ती जिवंत आहे असंच धरायचं.

शॉकअप आणि डिकीचं झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे. आत दाबाखाली गॅस असतो, त्यामुळे कापताना दांडा गोळीसारखा सुटतो.

काही इंजिनांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह हा दागिने करणाऱ्यांचा लाडका भाग, म्हणून हे नीट वाचा. जास्त ताकदीच्या इंजिनांत उष्णता लवकर वाहून नेण्यासाठी पोकळ दांड्यात सोडियम भरतात. असा व्हॉल्व्ह कापला आणि सोडियमला पाणी लागलं की पेट घेतो. कुठल्या इंजिनाचा आहे हे माहीत असल्याशिवाय व्हॉल्व्ह कापू नये. अख्खा, न कापता, न तापवता वापरता येत असेल तरच घ्या.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आतल्या जाळीची आणि भोवतालच्या तंतूंची धूळ फुप्फुसाला वाईट असते, शिवाय त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियममुळे तो चोरीचा निघण्याची शक्यताही फार. झेनॉन हेडलाइटच्या बल्बमध्ये पारा असू शकतो. एसीचे पाइप गॅस काढलेला असल्याशिवाय उघडू नयेत.

आणि चाकाचं बॅलन्सिंग करताना रिमला ठोकतात ती वजनं. त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न.

बॅलन्सिंगची वजनं मऊ आहेत, ठोकून छान आकार येतो. त्यात काय वाईट?

ती मऊ असतात कारण बहुतेक ती शिशाची असतात. युरोपात नव्या प्रवासी गाड्यांवर शिशाच्या वजनांना २००५ पासून बंदी आहे. आपल्या टायरच्या दुकानांत मात्र पायाखाली पडलेल्या वजनांत शिसं सहज सापडतं.

ओळखायची रीत सांगते. शिसं हाताला आकाराच्या मानानं जड लागतं, नखानं ओरखडा उठतो, आणि पांढऱ्या कागदावर घासलं की पेन्सिलसारखी करडी रेघ येते. ताजा काप चमकतो आणि थोड्या दिवसांत काळवंडतो. लोहचुंबक चिकटत नाही. इथं लोक एका जागी फसतात: वजनाची पकड पोलादाची असते, चुंबक तिला चिकटतो आणि "अरे, हे लोखंड आहे" असं वाटतं. चुंबक पकडीला लावू नका, मधल्या मऊ भागाला लावा. काही वजनांवर धातूची रासायनिक खूण ठोकलेली असते, पी-बी म्हणजे शिसं, झेड-एन म्हणजे जस्त, एफ-ई म्हणजे लोखंड.

शिशाचा दागिना कातडीवर ठेवल्यानं फार शिसं आत जात नाही. ते जातं तोंडातून. बोटाला लागतं, बोट भाकरीला लागतं. लहान मूल लॉकेट चोखतं. २००६ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चार वर्षांच्या एका मुलानं ब्रेसलेटचं हृदयाच्या आकाराचं लटकन गिळलं. ते जवळजवळ सगळंच्या सगळं शिशाचं होतं. मूल वाचलं नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शिशाची अमुक मात्रा सुरक्षित असं काही नाही. मुलांच्या मेंदूवर झालेला परिणाम भरून येत नाही, आणि गरोदर बाईच्या अंगातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

शिसं आणखीही ठिकाणी लपलेलं असतं. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे सांधे शिसं आणि कथील यांच्या डागानं (सोल्डरनं) जोडलेले असतात. लेथवर सहज कापता यावं म्हणून काही पितळेत ३ टक्क्यांपर्यंत शिसं मिसळतात, त्यामुळे पितळेचे फिटिंग, नोझल, नळीचे जोड कातडीला लागणाऱ्या दागिन्यात मी वापरत नाही. त्यासाठी भांड्याच्या दुकानातला पितळेचा पत्रा घेते.

घरात लहान मूल आहे. गॅलरीत बसून काम केलं तर चालेल?

धातू घासण्याचं, कापण्याचं काम नाही चालणार. मणी ओवणं, कड्या जोडणं, हे चालेल.

धूळ खाली बसते आणि रांगणारं मूल तीच जमीन हातांनी पुसत फिरतं. कामाचे कपडे वेगळे ठेवा, ते घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, काम संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नका. केरसुणीनं झाडल्यानं बारीक धूळ पुन्हा हवेत उडते. ओल्या फडक्यानं पुसा. काम करताना चहा, पान, तंबाखू काही नको. हे सांगितलं की निपाणीकडची मंडळी हसतात, पण धातूची धूळ लागलेल्या बोटांनी तंबाखू मळली की ती थेट तोंडात जाते.

मुलांसाठी भंगारातून दागिने करू नयेत असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग आहे. घरी बसून आपण ती मर्यादा पाळली आहे हे सिद्ध करू शकत नाही. मूल हट्टच करत असेल तर त्याला दोरा आणि लाकडी मणी द्या.

कानात घातलं की दुसऱ्या दिवशी पाळी लाल होते, पाणी येतं. हे कशानं?

बहुधा निकेलनं. धातूंच्या ॲलर्जीत हीच सगळ्यांत जास्त आढळते, आणि कान टोचलेले असल्यामुळे बायकांमध्ये अधिक. त्रास लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून लोक दोष साबणाला नाहीतर उन्हाला देतात. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा आयुष्यभर राहते.

गाडीत निकेल कुठं कुठं असतं? चकचकीत क्रोमच्या खाली निकेलचाच थर असतो. नवं असताना वरचं क्रोम त्याला झाकून ठेवतं. बंपरचा किंवा आरशाचा जुना तुकडा चरे पडलेला, सोललेला असतो, तिथं निकेल उघडं पडलेलं असतं. स्पार्क प्लगच्या धातूच्या अंगावर निकेलचा मुलामा असतो आणि त्याची टोकं निकेलच्या मिश्रधातूची असतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, काही गिअरचं पोलाद, स्टेनलेसचे पट्टे यांतही निकेल असतं. स्टेनलेसमधून ते बाहेर फार कमी येतं, तरी ज्याला ॲलर्जी जडलेली आहे त्यानं भरवसा ठेवू नये.

युरोपातला नियम धातूत निकेल किती आहे हे बघत नाही, ते कातडीवर किती सुटतं हे बघतो: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम, आणि टोचलेल्या भोकात राहणाऱ्या काडीसाठी ०.२. मला हा विचार पटतो. भोकातली कातडी पातळ, ओली आणि बंद असते, तिथं घाम साचतो.

म्हणून नियम सोपा ठेवा. गाडीचा भाग कानाच्या खाली लोंबू दे, पण भोकात जाणारा आकडा किंवा काडी कधीच भंगारातली नको. ती टायटॅनियमची, नायोबियमची किंवा चांगल्या कसाच्या सोन्याची घ्या. चांदी चालते, पण ताज्या टोचलेल्या कानात नको. निपाणीच्या पलीकडचं हुपरी हे चांदीच्या कामाचं मोठं गाव आपल्याला जवळ आहे, आकडे-कड्या चांगल्या चांदीच्या मिळणं काही अवघड नाही. "सर्जिकल स्टील" असं लिहिलेल्या काड्यांतही निकेल असतं, हे सांगितल्यावर बऱ्याच जणींना आश्चर्य वाटतं.

तपासायची एक स्वस्त सोय आहे: डायमिथाइलग्लायऑक्झिमचा संच ऑनलाइन मिळतो. कापसाच्या काडीवर थेंब घेऊन धातूवर अर्धा मिनिट घासायचं. काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतंय.

वरून नेलपॉलिश लावलं तर भागतं ना?

लग्नाच्या एका दिवसापुरतं भागतं. रोज घासलं, घामात भिजलं की आधी कडा उघड्या पडतात, आणि कडाच कातडीला लागतात. दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी बरंच टिकतं, पण तेही पूर्ण सुकायला सांगितलेला वेळ द्यायचा. अर्धवट सुकलेलं इपॉक्सी स्वतःच ॲलर्जी आणतं. शिसं किंवा कॅडमियम (काही मुलाम्यांतला विषारी धातू) झाकण्यासाठी कुठलाही लेप वापरू नये.

भाग तापवून निळा-जांभळा रंग आणता येतो का? वेल्डिंग, झाळकाम?

स्वच्छ, बिनमुलाम्याच्या पोलादावर येतो, आणि फार सुंदर येतो. पण या कामात माणसं सगळ्यांत जास्त इथं दुखावतात, म्हणून सविस्तर.

गाडीतले बहुतेक नट, बोल्ट, वॉशर, क्लिप यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो तापला की पांढरा धूर निघतो. त्यानं काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. वेल्डर लोकांना हा ताप चांगला ठाऊक असतो, ते दूध पितात आणि पुन्हा कामाला लागतात. दुधानं काही होत नाही. धूर टाळणं एवढाच उपाय.

खरी भीती कॅडमियमची. जुन्या गाड्यांच्या, आणि विशेषतः लष्करी किंवा विमानाच्या सुट्या भागांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. पिवळसर, सोनेरी किंवा शेवाळी झाक असते. तशीच झाक साध्या पिवळ्या जस्तालाही असते, डोळ्यांनी फरक करता येत नाही. कॅडमियम ७६५ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं, पण त्याच्या आधीच धूर सोडतं. तो घेतल्यावर सुरुवातीला साधा घसा खवखवतो, मग कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. जस्ताचाच ताप समजून माणूस घरी झोपून राहतो आणि वेळ निघून जाते. आपल्या सराफांना हा धडा आधीच मिळालेला आहे. सोन्याचे सांधे जोडायला केडीएम म्हणून जो डाग वापरत त्यात कॅडमियमच होतं, त्याचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना बाधतो, आणि म्हणूनच तो मागे पडला.

पिवळा, सोनेरी, शेवाळी मुलामा दिसला की ज्योत लावू नका आणि कानसही लावू नका. त्या पिवळ्या थरात विषारी प्रकारचं क्रोमियमही असू शकतं. ॲसिडात बुडवून मुलामा काढून टाकायची युक्ती काही जण सांगतात. ते विष मग त्या पाण्यात जातं, आणि ते पाणी तुम्ही मोरीत ओतता.

ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या भागाला ज्योत किंवा वेल्डिंगची ठिणगी कधी लावू नये. त्यातले क्लोरीनयुक्त प्रकार तापले की फॉस्जीन नावाचा प्राणघातक वायू बनतो. इंजिनातले काही काळे-तपकिरी ऑइल सील आणि ओ-रिंग जळले की कातडीतून हाडापर्यंत जाणारं ॲसिड बनतं, त्यामुळे तापवण्याआधी रबराचा कणसुद्धा राहता कामा नये. आणि तांबं मिळवण्यासाठी वायरी जाळू नका. कव्हर चाकूनं सोलून काढा, वेळ लागतो पण धूर होत नाही.

मोकळी हवा म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून नाही, वारा बाजूनं वाहील असं बसायचं. कापडी मास्क धुराला काहीच करत नाही. एन-९५ धुळीला चालतो, वायूला नाही.

ऑइल आणि ग्रीस कसं काढायचं? पेट्रोलनं पटकन निघतं.

पटकन पेटही घेतं. पेट्रोल, थिनर घरात वापरू नका.

वापरलेलं इंजिन ऑइल नव्यापेक्षा वाईट असतं. इंजिनाच्या उष्णतेत त्यात कॅन्सरकारक संयुगं तयार होतात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालूनच भाग हाताळा. आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसायचं, मग भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी, मग धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर. यासाठी घेतलेलं पातेलं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. तेलकट कागद आणि निथळलेलं ऑइल गटारात टाकू नका, गॅरेजमध्ये वापरलेल्या ऑइलचा पिंप असतो, त्यात द्या.

गंजाला व्हिनेगर किंवा लिंबूसत्व पुरतं. पितळ, तांबं आपल्या आज्या घासायच्या तसं चिंचेनंच घासा. बॅटरी चार्जर लावून सोड्याच्या पाण्यात गंज काढायची पद्धत मुलं व्हिडिओत बघून येतात. ती चालते, पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेसची पळी-ताटली लावू नका. पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. साधं लोखंड लावा, आणि हायड्रोजन साचू नये म्हणून खोली उघडी ठेवा.

गंजलेला भाग लागला तर धनुर्वात होतो का?

गंजानं होत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, आणि भंगाराच्या ढिगात दोन्ही असतात. खोल जखम झाली तर साबण-पाण्यानं धुऊन दवाखान्यात जा. या कामात असाल तर दर १० वर्षांनी बूस्टर घेतलेला असावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

ग्राइंडर आणि बफिंगवर काम करताना काय सांभाळायचं?

डोळ्यांवर बाजूनं बंद असलेला चष्मा. फिरणाऱ्या यंत्रावर हातमोजे नको, कारण मोजा गुंडाळला की बोट जातं. ओढणी, पदर, मोकळी वेणी, गळ्यातला दोरा आणि मंगळसूत्रसुद्धा आत खोचलेलं किंवा काढून ठेवलेलं हवं. साखळी बोटाला गुंडाळून बफला लावू नका; ती फळीवर खिळवून मग पॉलिश करा. जिथं लोखंडाच्या ठिणग्या उडतात तिथं ॲल्युमिनियमची भुकटी साचू देऊ नका, ती पेटते. जमेल तिथं यंत्राऐवजी पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर वापरा, धूळ हवेत जातच नाही.

बेअरिंगची रिंग बोटात अगदी फिट बसते. अंगठी म्हणून घालू?

नको. मला या कामात सगळ्यांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो, तरुण मुलांकडून तर हमखास.

बोट सुजतं, उन्हानं, मारानं, मधमाशी चावल्यानं. सोन्याची, चांदीची, पितळेची अंगठी दवाखान्यातल्या छोट्या कटरनं मिनिटात कापता येते. बेअरिंगची कडी त्याच कडक पोलादाची असते, कटरचं पातं तिच्यावर नुसतं घासत राहतं. ती कापायची नसते, पकडीत हळूहळू दाबून तडकवायची असते, आणि हे प्रत्येक ठिकाणी माहीत असेलच असं नाही. तोवर बोटाचा रक्तपुरवठा बंद. नटाची अंगठी त्याहून वाईट, आतले आटे कातडीत रुततात. अडकलीच तर हात वर धरा, थंड पाणी, साबण, आणि बोटाला दोरा घट्ट गुंडाळत अंगठी सरकवा. बोट निळं पडायला लागलं असेल तर हे करत बसू नका, थेट दवाखाना.

बेअरिंगची कडी हवीच असेल तर गळ्यात पदक म्हणून छान दिसते.

झुमक्यांचं वजन किती चालतं?

कानाची पाळी काय सोसते हे वयावर आणि भोकावर असतं. मी पोलादाचे झुमके करते ते बोटावर टांगून बघते. जड वाटलं तर तोच नमुना ॲल्युमिनियममध्ये करते, वजन जवळजवळ एक तृतीयांश होतं. गळ्यातल्या जाड चेनचा फासा झटक्यानं सुटणारा ठेवा. लेथवर, शेतातल्या यंत्रावर किंवा दुचाकीवर असणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

चुंबकाचा फासा पेसमेकर बसवलेल्या माणसाला देऊ नका.

ट्यूबच्या रबराची कानातली, टायरचं कडं?

ट्यूबचं रबर धुऊन घेतलं तर बहुतेकांना चालतं. रबर पक्कं करताना घातलेल्या रसायनांची काही जणांना ॲलर्जी असते, ज्यांना रबरी मोज्यांनी किंवा चपलेच्या पट्ट्यांनी खाज येते त्यांनी दूर राहावं. टायरचं रबर मी वापरत नाही. त्यातल्या तेलांत कॅन्सरकारक संयुगं असतात आणि मनगटावर ते तासन्‌तास घासत राहतं.

फुटलेल्या काचेचे खडे आणि जुन्या रंगाचे थर?

बाजूच्या दारांची काच फुटून बोथट गोट्या होतात, त्या रेझिनमध्ये बसवता येतात. पुढची काच वेगळी, तिच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि तिचे तुकडे धारदार निघतात.

रंगाच्या थरांचे खडे करण्याचा प्रकार अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांतून आला आहे. रंगाच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं साचलेले थर कापून पॉलिश केले की अकीकासारखे रंगीबेरंगी दिसतात. जुन्या थरांत शिसं असायचं, पिवळ्या-केशरी-लाल रंगांत विशेष. आपल्याकडे घरगुती रंगांसाठी २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग ही शिशाची मर्यादा लागू आहे, पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, गाडीच्या रंगाला नाही. जुन्या ट्रकचा, बसचा रंग खरवडू नका.

सराफाच्या कॅरेट तपासायच्या मशीनवर भाग तपासून मिळेल का?

ओळखीच्या सराफानं दिला तर चांगलंच. ते मशीन क्ष-किरणांनी धातू ओळखतं. पण ते वरवरचाच थर वाचतं आणि बहुतेक ठिकाणी सोन्या-चांदीसाठी बसवलेलं असतं, त्यामुळे आकड्यांना पक्कं मानू नका. शिसं किंवा कॅडमियम दाखवलं तर मात्र तो भाग तिथंच सोडा. यादीत ते धातूच नसतील तर "दिसलं नाही" याला काही अर्थ नाही, म्हणून आधी विचारून घ्या. शिशासाठी रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात, घासल्यावर गुलाबी-लाल झाल्या तर शिसं आहे.

भंगारवाल्याकडून घेताना कायद्याची काही भानगड?

बिल घ्या, निदान वहीवर तारीख आणि दुकानाचं नाव तरी. चॅसिस नंबर, इंजिन नंबर किंवा नंबरप्लेट असलेला तुकडा घेऊ नका, दागिना म्हणून कितीही आकर्षक असला तरी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे. जुन्या गाड्या मोडण्यासाठी २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रं असतात. तिथून आलेल्या मालाची नोंद असते.

विकताना गिऱ्हाइकाला काय सांगावं?

कुठला भाग, कुठला धातू, आकडा कशाचा, कुठला लेप, आणि "लहान मुलांसाठी नाही". चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा, आपल्याकडे गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं असतं आणि सूचना वाचता आली पाहिजे. तपासल्याशिवाय "निकेल-फ्री" लिहू नका. कुणी खाज आल्याचं सांगितलं तर वाद न घालता वस्तू परत घ्या, कातडीच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा, आणि त्या भागाची उरलेली कानातली स्टॉलवरून उचला. मुलानं काही गिळलं असेल तर वाट बघत बसायचं नाही, उलटी करवायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि चिठ्ठी बरोबर घेऊन जायचं; डॉक्टरांचा पहिला प्रश्न "कशाचं होतं?" हाच असतो.